पायरीपासून मोजलेला रस्ता

बाजारपेठेतल्या रस्त्याचं काम निघालं की बोलणं रुंदीवर जातं. किती फूट होणार, कोणाची पडवी जाणार, कोणाचा ओटा वाचणार, आणि तो नेमका कोणामुळे वाचला. माझं शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, नोकरीची बरीच वर्षं पुण्यात रस्त्यांचे आराखडे करण्यात गेली आणि घर रत्नागिरीचं. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जुन्या बाजाराचं बरंवाईट रुंदीपेक्षा उंचीवर ठरतं. दुकानाचं जोतं, गटाराचं झाकण आणि रस्त्याचा माथा, या तीन पातळ्यांचं आपसांत जमलं तर आठ-नऊ फुटी गल्लीतही माणूस निवांत चालतो. नाही जमलं तर साठ फुटी रस्त्यावरही गिऱ्हाईक पायरीशी अडतं.

हे मत मी कार्यालयात बसून केलेलं नाही. ते रामआळीत, म्हणजे रत्नागिरीच्या जुन्या बाजारपेठेत झालं. सुट्टीला घरी आलो की ओळखीचे दुकानदार हटकायचे. "पुण्यात रस्ते करता म्हणे, आमचं काय ते बघा जरा." त्यातल्या एका काकांनी जे सांगितलं ते कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं होतं. "माझ्या वडिलांच्या वेळेला दोन पायऱ्या चढून दुकानात यायचं. आता एक पायरी उतरून येतात. आम्ही काय केलं नाय वो, रस्ताच वर आला."

रस्ता वर येतो कसा, हे सांगायला हवं, कारण ते इतकं हळू होतं की कोणाच्या लक्षात येत नाही. डांबराचा एक थर साधारण चार-पाच सेंटीमीटरचा. जुना थर खरवडून काढून त्या जागी नवा टाकायचा, ही योग्य पद्धत. पण खरवडायला वेगळं यंत्र लागतं, निघालेला माल वाहून न्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. म्हणून जुन्यावर नवा. निवडणुकीआधी एक, पाण्याची वाहिनी टाकून झाल्यावर एक, केबलवाल्यांनी खणल्यावर एक. असे पाच थर झाले की रस्ता वीतभर वर येतो. दुकानाचं जोतं मात्र आजोबांनी बांधलं तिथेच राहतं. मग पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी उंबऱ्याशी येतं, दुकानदार उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घालतो, आणि तो बांध ओलांडताना म्हातारी माणसं अडखळतात. आता बऱ्याच गावांत डांबराऐवजी काँक्रीट येतंय. काँक्रीटच्या रस्त्यावर खड्डे कमी पडतात, हे खरं. पण त्याची जाडी डांबराच्या थराच्या कितीतरी पट असते आणि चुकलेली पातळी पुढची वीस-तीस वर्षं तशीच राहते. डांबराची चूक निदान खरवडता येते.

तर मी ऑटोलेव्हल घेऊन गेलो. तिवईवर बसवायची दुर्बीण आणि समोर आकड्यांची उभी पट्टी, जिला आम्ही स्टाफ म्हणतो. वेळ निवडली दुपारची. रत्नागिरीत अजूनही बरीच दुकानं जेवणाच्या वेळी मिटतात, आणि त्या दोन-तीन तासांत आळी जरा मोकळी असते. मोजणीला एक न हलणारी खूण लागते. ती मी आळीतल्या देवळाच्या जोत्याच्या दगडावर धरली. बाकी कशाचीही उंची बदलेल, देवळाचं जोतं कोणी हलवणार नाही, एवढं एकमत गावात आहे.

"काय मोजताय?" हा प्रश्न प्रत्येक दारात. उत्तर दिलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मोजा, मोजा. मोजून काय रस्ता रुंद होत नाय." मी म्हणायचो, रुंदी मोजतच नाहीये. मग माणूस थांबायचा. रुंदी मोजणारा माणूस म्हणजे पाडापाडीची नोटीस, हे समीकरण इतकं घट्ट आहे की उंची मोजणाऱ्याला चहा मिळाला.

जुन्या बाजारात दर दुकानाची पातळी वेगळी निघते. एकाकडे दोन पायऱ्या चढ, शेजाऱ्याकडे रस्त्याबरोबर, त्याच्या पुढच्याकडे उतार. पायऱ्यांचे दगडही वेगळे. कुठे जांभ्याचा चिरा, झिजून मधे खोलगट झालेला. कुठे कडप्पा. कुठे नव्या मालकाने हौसेने बसवलेला गुळगुळीत ग्रॅनाइट, जो पावसात साबणासारखा होतो. आणि हे सगळं उभं आहे गटाराच्या झाकणावर. कोकणातल्या बाजारात फुटपाथ म्हणून जे काही असतं ते बहुतेक वेळा गटाराचं झाकण असतं. माणसं त्यावरून चालतात, भाजीवाली त्यावर बसते, दुकानदार त्यावर स्कूटर लावतो, आणि कागदावर त्याचं नाव गटार. त्यामुळे फुटपाथ सुधारायचा तर आधी गटाराशी बोलावं लागतं.

ही गटारं मी उघडून पाहिली, म्हणजे जिथे उघडली तिथे. पालिकेने घातलेलं झाकण दोन माणसांना उचलता येतं. पण पुष्कळ जागी दुकानदाराने त्यावर स्वतःची फरशी सिमेंटने पक्की बसवलेली. मे महिन्यात गटार साफ करायला माणसं येतात, उघडं सापडेल तिथला गाळ काढतात, पक्क्या फरशीखालचा तसाच राहतो. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी नेमकं त्या दुकानासमोर वर येतं. तो दुकानदार पालिकेच्या नावाने खडे फोडतो. मी त्याला त्याचीच फरशी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "ती काढली तर शेजारी म्हणेल, ह्याने पायरी सोडली." जागेची भीती अशी पाण्याच्या आड येते.

पाणी किती, याचा हिशोब मी तिथल्या लोकांना फळ्यावर मांडून दाखवत असे. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. समजा आळीचा तीनशे मीटरचा तुकडा घेतला. रस्ता आणि दोन्ही बाजूंच्या छपरांचे पुढचे उतार मिळून वीस मीटर रुंदी धरली. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे काही जगबुडीचा नव्हे, तर त्या तुकड्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर, एका तासात. यात वरच्या भागातून उतारावर येणारं पाणी धरलेलंच नाही. मारुती मंदिराकडचं शहर उंचावर, जुनी पेठ खाली. वरती जेवढं अंगण काँक्रीटचं झालं तेवढं पाणी जमिनीत न मुरता खाली धावत येतं. पागोळ्यांचं पाणी दुकानाच्या दारातच पडतं ते वेगळं. म्हणून जुन्या घरांची छपरं इतकी पुढे काढलेली असत, की त्याखालून माणूस कोरडा चालू शके. त्या पडव्यांना आपण अतिक्रमण म्हणून टाकलं. त्यातल्या काही खरोखर अतिक्रमण होत्याही. पण पावसाळी गावात छप्पर हा फुटपाथचाच भाग असतो, हे पुण्यामुंबईचे नकाशे रत्नागिरीत उतरवताना विसरलं जातं.

आता पायरीचा हिशोब. चाकाच्या खुर्चीला, वॉकरला किंवा बाबागाडीला चढता येईल असा उतार म्हणजे एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटरचा उतार लागतो, दोन पायऱ्यांना ३.६ मीटर. जुन्या आळीत दारापुढे एवढी जागा आणायची कुठून? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, तो सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि अडचण या १.८ मीटरपाशी येऊन थांबते. काही ठिकाणी लोखंडी पत्र्याचे उभे उतार ठेवलेले दिसतात. त्यावरून मोटारसायकल चढते, माणूस घसरतो. उपाय एकच उरतो, तो म्हणजे दारात उतार बांधायच्या ऐवजी रस्ता खाली आणायचा किंवा झाकणाची पातळी जोत्याजवळ न्यायची. जिथे रस्ता दुकानाच्या वर गेलाय तिथे खरवडून खाली. जिथे दुकान दोन पायऱ्या उंच आहे तिथे गटाराचं झाकण थोडं वर, आणि त्याचा उतार आळीच्या लांबीत जिरवायचा. हे करायचं तर प्रत्येक दाराची उंची आधी कागदावर हवी. निविदेच्या नकाशात ती नसते. तिथे रस्त्याच्या मधली रेघ असते आणि तिच्यापासून दोन्हीकडे सगळं मोजलेलं असतं.

हा सगळा खटाटोप दिव्यांगांसाठीच चाललाय असं समजणाऱ्यांना मी एका दुकानासमोर उभं करत असे. एक आजी खाली रस्त्यावर उभ्या राहून आत हाक मारून सामान मागत होत्या. "वर येत नाय रे बाबा, गुडघा धरलाय." दुकानातला मुलगा पिशवी घेऊन खाली आला. आजींनी यादीत होतं तेवढंच घेतलं. आत आल्या असत्या तर काचेतलं आणखी काही दिसलं असतं, बसल्या असत्या, दोन वस्तू जास्त गेल्या असत्या. कोकणातल्या घरांतली तरुण पिढी मुंबईत, मागे राहिलेलं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. त्या बाजाराने पायरी राखून ठेवणं म्हणजे स्वतःच्याच धंद्याला दार लावणं आहे.

व्यापाऱ्यांची खरी धास्ती मात्र पार्किंगची. "गाड्या बंद केल्यात तर गिऱ्हाईक जातंय मारुती मंदिरला." त्यावर वाद घालण्यापेक्षा मी एक साधी मोजणी केली. पुण्यात आम्ही ती नेहमी करायचो. वही घ्यायची, दर अर्ध्या तासाला आळीतून फेरी मारायची, उभ्या दुचाकींचे शेवटचे चार आकडे लिहायचे. संध्याकाळी वही उघडली की बाजाराचं गुपित बाहेर पडतं. सकाळी दुकान उघडताना लागलेली गाडी दुकान मिटेपर्यंत तिथेच. दारातली सगळ्यात सोयीची जागा मालकाच्या आणि नोकरांच्या गाड्यांनी धरलेली, आणि गिऱ्हाईक जागा शोधत चकरा मारतंय. ही वही मी दुकानदारांपुढे ठेवली तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याचा नंबर ओळखला. स्वतःचा कोणी ओळखला नाही. जगभर असंच होतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ च्या एका पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की त्यांची ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात. प्रत्यक्षात ती २२ टक्के निघाली. दुकानदाराला गाडीवाला लक्षात राहतो, कारण तो दारात येऊन हॉर्न वाजवतो. चालत येणारा नुसता येतो.

पुण्याचे दाखले इथे लोक आवर्जून देतात, त्याबद्दल थोडं. जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये वाहतुकीला खुला झाला. रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला होता, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही म्हणून त्याच्या गोष्टी झाल्या. त्याच रस्त्याचे फुटपाथ २०१६ नंतर रुंद झाले, बाकं आली, मुलांना खेळायला जागा आली, गाड्या ठरलेल्या खणांत गेल्या. छान झालं. पण तो रस्ता मुळात रुंद आहे, तिथे देण्याघेण्याला जागा होती. त्याची छायाचित्रं दाखवून एखाद्या तालुक्याच्या गावी ग्रॅनाइटची बाकं मांडायला निघालेले सल्लागार मी पाहिलेत. आमच्या आळीत ते बाक ठेवलं तर त्यावर बसलेल्या माणसाचे पाय रस्त्यात येतील.

जवळचा दाखला लक्ष्मी रस्त्याचा. २०२१ च्या ११ डिसेंबरला पुणे महापालिकेने त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. यातलं मला काय आवडलं, तर एक दिवस करून पाहणं. काहीही न फोडता, न बांधता, लोक कसे चालतात, कुठे थांबतात, माल कुठून आणावा लागतो, हे बघून घेता येतं. रामआळीसारख्या ठिकाणी दिवाळीआधीच्या दोन संध्याकाळी असं करून पाहायला काय हरकत आहे? टेम्पो सकाळी दहाच्या आत, संध्याकाळी पाच ते नऊ फक्त माणसं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीला वाट मोकळी. न जमलं तर तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

सुरक्षेचं बोलताना मी फार आकडे सांगत नाही, एकच सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे मृत्यू बहुतेक मोठ्या रस्त्यांवरचे. आळीत कोणी साठच्या वेगाने जात नाही. तिथला धोका वेगळा आहे. ओल्या झाकणावर घसरणं, उघड्या चेंबरमध्ये पाय जाणं, आणि आळी जिथे नाक्याला मिळते तिथे रस्ता ओलांडणं. गोखले नाक्यासारख्या जागी झेब्रा पट्टे रंगवून भागत नाही, पहिल्या पावसात ते चिखलाखाली जातात. तिथे ओलांडण्याची जागाच फुटपाथच्या पातळीला उचलायची. माणूस सपाट चालतो, गाडीला चढावं लागतं, म्हणून ती हळू होते. पुन्हा उंचीच. फक्त कोकणात असं उचलताना पाण्याला वाट ठेवावी लागते, नाहीतर सुरक्षित ओलांडण्याची जागा म्हणजे बंधारा होतो. त्याच्या दोन्ही कडांना जाळीची पन्हळ घालायची आणि ती जाळी मेच्या अखेरीस काढून साफ करायची. हे काम कोणाचं, हे निविदेतच लिहून ठेवायचं.

फेरीवाल्यांबद्दल बाजारात कोणी चांगलं बोलत नाही, आणि खरेदी मात्र सगळे त्यांच्याकडून करतात. श्रावणात टोपलीत रानभाजी घेऊन आजूबाजूच्या गावांतून बायका येतात, उन्हाळ्यात ओले काजूगर, कोकम, आंबे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६,२२९ होती. म्हणजे सुमारे एकोणीसशे विक्रेते. कायद्याने नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा त्यांच्याच. आराखडा करताना त्यातल्या एकीलाही कोणी बोलावत नाही. मी एका मावशींना विचारलं, तुम्हाला बसायला कशी जागा हवी? मला वाटलं छप्पर मागतील. त्या म्हणाल्या, "बूड कोरडं राहील एवढी उंच, आणि गिऱ्हाइकाला वाकायला लागू नये एवढी." दोन अटी, दोन्ही उंचीच्या. मी त्या तशाच टिपणात उतरवल्या.

आणि शिमगा. पुण्यात शिकून आलेल्यांच्या आराखड्यात रस्त्याच्या मधोमध लोखंडी खांब असतात, गाड्या अडवायला. श्री देव भैरीची पालखी शिमग्यात शहरात फिरते, बाजारातून जाते, खांद्यावर नाचते, आणि तिच्याबरोबरची गर्दी आळी भरून टाकते. तिथे पक्के खांब, कुंड्या, कमानी चालणार नाहीत. जे काही बसवायचं ते काढता आलं पाहिजे आणि जमिनीत उरलेला खळगा झाकता आला पाहिजे. पालखीच्या खांदेकऱ्याला ठेच लागू नये, ही अट मी आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या नियमावलीतल्या १.८ मीटर मोकळ्या चालवाटेच्या शेजारी लिहिली होती. एका बैठकीत एका तज्ज्ञांना ते हास्यास्पद वाटलं. मला आजही वाटत नाही. अनवाणी माणसं अंधारात, वर पाहत, नाचत जातात. ज्या जमिनीवर त्यांना ठेच लागत नाही तिथे वॉकरवाल्या आजींनाही लागणार नाही.

या सगळ्यातून जो आराखडा निघाला तो दिसायला अगदी फिका होता. आळीत कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच कड, नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच पातळी, दोन्ही कडांना खरखरीत झाकणाची गटारं, झाकणं सगळी एका मापाची, उचलता येणारी. रस्त्याला मधून कडेकडे पन्नासात एक उतार, म्हणजे तीन मीटरला सहा सेंटीमीटर. पेव्हर ब्लॉक टाळलेले, कारण त्यांच्या फटींत शेवाळ धरतं आणि पुढच्या खोदाईनंतर ते कधी पहिल्यासारखे बसत नाहीत. वाहिन्यांसाठी एक वेगळी खोबण, म्हणजे पुढच्या वेळी केबलवाल्याने रस्ता फोडायला नको. बाकं नाहीत, कारंजं नाही. व्यापाऱ्यांच्या बैठकीत एकाने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात नवीन काय दिसणार?" मी म्हटलं, पाणी दिसणार नाही. लोक हसले, पण मोजलेल्या उंच्यांची वही फिरत गेली आणि बऱ्याच जणांनी आपापल्या दाराची उंची शोधून पाहिली. दोघांनी आकडा पटला नाही म्हणून परत मोजायला लावलं. तिथपर्यंत काम पोचलं. तो आराखडा आमच्या हौसेचा होता, त्यामागे ना हुकूम ना निधी, आणि तो अजून कागदावरच आहे. उंच्यांची वही मात्र त्या काकांच्या गल्ल्याजवळ ठेवलेली असते, आणि पायरी नवी करायची झाली की शेजारी ती मागून नेतात.

तुमच्या गावातही बाजाराच्या रस्त्याचं काम कधी ना कधी निघेल. भूमिपूजनाला जाण्याआधी पालिकेत एक अर्ज द्या आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहिती अधिकारात ती मिळते. त्यात जुना थर खरवडण्याची बाब धरली आहे का, ते बघा. प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी नकाशात आहे का, ते विचारा. नसेल तर काम सुरू होण्याआधी ती मोजून घ्यायला लावा, आणि तोवर आपल्या दाराची उंची एखाद्या न हलणाऱ्या दगडापासून मोजून, तारीख घालून, स्वतः लिहून ठेवा. ठेकेदाराशी बोलताना ती उपयोगी पडते.